इंदूरच्या गॅलरीत पहिली झाडं कुठली? मे महिना काढतील ती

प्रश्न थोडक्यात असा: बायपासकडे नवीन फ्लॅट, तिसरा मजला, गॅलरी पश्चिमेची, किचनची खिडकी उत्तरेची, नवरा-बायको दोघं नोकरीवाले, घरात दोन वर्षांचं पोर, वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस पुण्याला माहेरी जाणं. आतापर्यंत दोन तुळशी, एक गुलाब आणि "हा कधीच मरत नाही" म्हणून आणलेला स्नेक प्लांट एवढे गेलेत. आता कमी कटकटीची झाडं सांगा, आणि सासूबाईंना तुळस हवीच आहे.

मी लोकमान्यनगरात राहते, २२ वर्षं झाली लोकांच्या गच्च्या आणि गॅलऱ्या लावून देते, मधली काही वर्षं स्वतःची छोटी नर्सरी पण चालवली. त्यामुळे नर्सरीवाला काय सांगतो आणि का सांगतो ते मला दोन्ही बाजूंनी माहितीये. "झाड मरून राहिलंय" हे वाक्य मी रोज ऐकते (पुण्याचे पाहुणे या "राहिलंय"ला हसतात, हसू देत).

तर आधी झाडाचं नाव नका विचारू. जुलै-ऑगस्टमध्ये नर्सरीत गेलात तर तिथलं प्रत्येक झाड सोपंच दिसतं, हवेत ओल आहे, वर हिरवी जाळी आहे, माळी दिवसभर पाईप घेऊन फिरतोय, मग काय बिशाद मरायची. झाडाची खरी परीक्षा दोनच वेळेला होते, एक आपला मे महिना, ४२-४३ डिग्री आणि वर कोरडी लू, आणि दुसरी म्हणजे तुम्ही घराला कुलूप लावून जाता तेव्हा. या दोन्हीतून जे निघतं तेच तुमच्यासाठी सोपं झाड, बाकी सगळ्या याद्या केराच्या गाडीत, ओला-सुका वेगळा करून.

आता ऊन. पश्चिमेची गॅलरी म्हणजे दुपारी दोनपासून थेट संध्याकाळपर्यंत तापणार, भिंत रात्री नऊला हात लावला तरी गरम लागते. तिथे घरातली म्हणून विकतात ती नाजूक पानांची झाडं ठेवली की मेच्या पहिल्या आठवड्यात पानांवर पापडासारखे करपलेले डाग पडतात. पण हीच गॅलरी उन्हाळी फुलझाडांना स्वर्ग आहे. आणि उत्तरेच्या खिडकीला ऊनच नाही असं लोक धरून चालतात, ते पूर्ण खरं नाही. आपलं इंदूर साधारण २२.७ अक्षांशावर, कर्कवृत्त आपल्या जरासं वर, म्हणून जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत दुपारी बाराचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मे ते जुलै सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीत शिरतं. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका खाली उतरतो की त्या खिडकीत नुसता उजेड. म्हणजे किचनच्या खिडकीत असं झाड हवं ज्याला वर्षभर उजेड पुरतो आणि दोन महिने थोडं ऊन लागलं तरी रडत नाही. एक रविवार काढा, गॅलरीत तीन ठिकाणी खडूच्या खुणा करा आणि ऊन कुठे किती वाजता येतं, कधी जातं ते लिहून ठेवा, फुकटचं काम आहे पण माझ्याकडे येणाऱ्या दहातले नऊ जण करत नाहीत.

पश्चिमेच्या गॅलरीसाठी माझा पहिला नंबर बोगनवेल. लोक नाकं मुरडतात, रस्त्याच्या डिव्हायडरवरचं झाड म्हणतात. अहो, डिव्हायडरवर गाड्यांच्या धुरात पाण्याशिवाय जे फुलतं ते तुमच्या गॅलरीत नाही फुलणार? यात एक गंमत अशी की तिला लाड केले की ती फुलत नाही. रोज पाणी आणि भरपूर खत घातलं की नुसती पानं आणि हातभर काटेरी फांद्या. पाणी तोडा, पानं जराशी मलूल होऊन लोंबायला लागली की मगच भरपूर द्या, असं दोन-तीनदा केलं की रंग येतो. (तो रंग फुलाचा नसतो, कागदासारखी रंगीत पानं असतात ती, खरं फूल म्हणजे आतली इवलीशी पांढरी नळी.) १२ इंची कुंडी पुरे, मुळं आवळलेली असली की उलट जास्त फुलते. काटे मात्र खरे आहेत, पोर दोन वर्षांचं आहे तर कुंडी गॅलरीच्या त्या कोपऱ्यात जिथे त्याचा हात पोचत नाही, आणि कठड्यावर तर कुठलीच कुंडी नको, जूनच्या वावटळीत खाली कोण उभं असेल सांगता येत नाही.

दुसरी सदाफुली. वीस-तीस रुपयांचं रोप, आणि आपल्याकडे ती जुन्या वाड्यांच्या भिंतीच्या फटीतून पण उगवते, यावरूनच समजा तिला काय लागतं ते: ऊन आणि निचरा, बस. मेमध्ये एक दिवस पाणी चुकलं तर पानं मिटून घेते, दुसऱ्या दिवशी पाणी मिळालं की पुन्हा हसत उभी. मरते ती पावसाळ्यात, कुंडीत पाणी साचून बुंधा काळा पडतो आणि दोन दिवसांत झाड आडवं. म्हणून पावसात तिला भिंतीला लावून ठेवा. बी आपोआप पडतं, पुढच्या वर्षी शेजारच्या कुंडीत सापडेल. आणि हो, साखरेसाठी तिची पानं चावून खाणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. त्या झाडातून कॅन्सरवरची औषधं काढतात हे खरं आहे, आणि म्हणूनच ते घरी चघळायचं झाड नाही, लहान मुलांना तर अजिबात नाही.

तिसरं चिनी गुलाब, तेच ते ऑफिस टाइम, सकाळी नऊ-दहाला उघडतं आणि दुपार उतरली की मिटतं. शेजारणीकडून बोटभर काडी तोडून आणा, मातीत खोचा, संपलं. तुम्ही ऑफिसला जाल तेव्हा ते फुलणार आणि घरी याल तेव्हा मिटलेलं, तेवढं एक दुःख आहे, रविवारी बघायचं. थंडीत झाड मरतुकडं दिसतं, फेकू नका, चार काड्या वाचवून ठेवा, फेब्रुवारी सरता सरता परत सुरू.

अडेनियम पण इथे मस्त, पण चीक विषारी असतो, पोर थोडं मोठं होऊ द्या. कण्हेरीचं तेच, आणि ती तर पानापासून फुलापर्यंत सगळीच विषारी, सोपी असली तरी तुमच्या घरात नको.

मोगरा मात्र घ्या, थोडं काम आहे पण वसूल होतं. फेब्रुवारीत छाटायचा, एकतृतीयांश तरी, हात थरथरतो पण छाटायचाच, आणि शेणखताच्या दोन मुठी. एप्रिल ते जून, जेव्हा बाकी सगळं होरपळत असतं, तेव्हा हा फुलतो. मेमध्ये माहेरी जाणार असाल तर त्याचं पाणी कसं करायचं ते खाली सांगते.

आतल्या खिडकीसाठी लांबण लावत नाही: मनी प्लांट, स्पायडर प्लांट, झेडझेड आणि पुन्हा एकदा स्नेक प्लांट. मनी प्लांट आणि झेडझेड दोन्ही चावले तर तोंडात जळजळ होते, म्हणून उंच टांगा किंवा वरच्या फळीवर ठेवा. स्पायडरची पानं टोकाला तपकिरी पडतात, त्याला रोग नाही म्हणत, बोरिंगच्या जड पाण्याने होतं ते. नर्मदेचं पाणी, जे १९७८ पासून जलूदहून डोंगर चढवून आपल्याकडे येतंय, ते झाडांना चांगलं मानवतं. पण नवीन कॉलन्यांमध्ये नळाला बहुतेक बोरिंगच, कुंडीला बाहेरून पांढरा थर चढला की समजायचं. आरओचं वाया जाणारं पाणी लोक काटकसर म्हणून झाडांना घालतात, तेही नको, त्यात क्षार अजून जास्त, त्याने फरशी पुसा. एसीचं पाणी मात्र बादलीत धरून ठेवा, मेमध्ये रोज आयतं मिळतं आणि त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

हवा शुद्ध करतात म्हणून ही झाडं घेऊ नका. १९८९ मध्ये नासाने सीलबंद पेटीत प्रयोग केला होता, तुमचा हॉल काही सीलबंद पेटी नाही, खिडकी दहा मिनिटं उघडली तर त्या चार कुंड्यांपेक्षा जास्त काम होतं. छान दिसतात म्हणून घ्या, एवढं कारण पुष्कळ आहे.

आता तुमचा स्नेक प्लांट का मेला. मी न बघता सांगते, पाणी. माझा स्वतःचा पहिला असाच गेला होता. बाहेरून एकदम झकास, उभी ताठ पानं, एक दिवस धूळ पुसायला पान धरलं तर अख्खं पान हातात आलं, खाली बूड पिवळट, लिबलिबीत, आणि सडक्या बटाट्याचा वास. कुंडी उलटी केली तर तळाशी चिखल, वर मात्र माती कोरडी ठणठणीत. मी वरची कोरडी माती बघून दर दोन दिवसांनी पाणी घालत होते आणि खाली मुळं बुडत होती. तुमचं झाड अजून फेकलं नसेल तर वरचा कडक हिरवा भाग कापा, तीन दिवस सावलीत पडू द्या, कापलेली जागा वाळली पाहिजे, मग खालची बाजू खालीच ठेवून रेताड मातीत दोन बोटं खोचा. दीड-दोन महिन्यांनी मुळं, नवीन कोंब यायला अजून वेळ. फक्त पिवळ्या काठाचं असेल तर पानापासून आलेलं पिल्लू साधं हिरवंच निघतं, काठ येत नाही, मग मला फसवलं म्हणू नका. काठ हवा तर बुडातून आलेलं पिल्लू मुळासकट वेगळं करायचं.

आणि हे सगळं होतं कारण आपली माळव्याची काळी माती. शेतात सोनं, कुंडीत डोकेदुखी. ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते, वाळली की आकसते, कुंडीच्या कडेने बोटभर फट पडते, मग तुम्ही पाणी ओतता ते त्या फटीतून सरळ खाली बशीत, तुम्हाला वाटतं झाड प्यायलं, झाडाला थेंब नाही. नुसती काळी माती कधीच भरू नका. मी दोन घमेली माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक घमेलं जाड रेती असं घेते, रेती बांधकामावरची चालते पण चाळून बारीक धूळ काढायची. स्नेक प्लांट, झेडझेड, अडेनियम यांना रेती दुप्पट. तळाच्या भोकावर फुटक्या कुंडीची खापरी पालथी, म्हणजे माती वाहून जात नाही आणि भोक बुजत नाही. बशीत पाणी साठू द्यायचं नाही, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

कुंडी मातीची की प्लास्टिकची, यावर लोक भांडतात. मी माणूस बघून सांगते. ज्यांचा हात पाण्याला सैल असतो, येता-जाता तांब्या घालतात, त्यांनी मातीची घ्यावी, तिच्या अंगातून पाणी उडून जातं आणि झाड वाचतं. ज्यांना आठवणच राहत नाही त्यांनी प्लास्टिकची, पण काळी नको, पश्चिमेच्या उन्हात ती तव्यासारखी तापते आणि कडेची मुळं शिजतात. पांढरी किंवा फिकी घ्या. तुमच्या घरी सासूबाई प्रेमाने पाणी घालत असणार असा माझा अंदाज आहे, तर मातीचीच.

पाणी किती, याचं "रोज एक मग" असं उत्तर नसतं. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या आणि खालून निघेपर्यंत द्या. महिनाभर केलं की कुंडी नुसती कलंडवून वजनावरून कळायला लागतं, मी आता बोट घालतच नाही. मेमध्ये छोट्या कुंड्यांना सकाळी आणि संध्याकाळी दोनदा लागेल, जानेवारीत त्याच कुंडीला तीन-चार दिवसांतून एकदा, आणि झेडझेडला थंडीत वीस दिवस विसरलात तरी उपकार होतील. त्याच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, पाण्याचा साठा तिथे आहे, पिवळं पडायला लागलं की बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं आणि लोक घाबरून अजून घालतात.

खाण्याच्या झाडांत दोनच सांगते. गवती चहा, मंडईतून मुळाची थोडी गाठ शिल्लक असलेली काडी आणा, पावसाळ्यात लावा, दिवाळीपर्यंत कुंडी भरते, पश्चिमेच्या उन्हाला चालतो, थंडीत पानांच्या कडा वाळल्या की वीतभर ठेवून सगळा कापून टाका. दुसरा कढीपत्ता. तो डिसेंबर-जानेवारीत पिवळा पडतो, पानं गाळतो, लोकांना वाटतं गेला आणि उपटून टाकतात. गेलेला नसतो, थंडीत झोपतो. नखाने खोड खरवडून बघा, आत हिरवं दिसलं की जिवंत, पाणी कमी करा आणि मार्चपर्यंत धीर धरा. पुदिना, कोथिंबीर सोपी म्हणतात पण मेमध्ये दोन्ही कुंडीत टिकवणं म्हणजे पाळणाघर चालवणं आहे. आणि गुलाब पहिल्या वर्षी नको. अगदीच राहवत नसेल तर एवढं करा की बाहेरगावहून आलेल्या रोपांच्या मुळाशी चिकट मातीचा घट्ट गोळा असतो, तो वाळला की विटेसारखा होतो आणि आत पाणी जात नाही. लावण्याआधी गोळा बादलीत तासभर बुडवा आणि हलक्या हाताने अर्धी-अधिक माती सोडवा. तुमचा गुलाब बहुतेक त्या विटेतच वाळला.

जास्वंद सोपी आहे, गणपतीला फूल मिळतं, पण पांढरा कापूस (मिलीबग, कापसासारखी दिसणारी कीड) लागणार म्हणजे लागणारच. मुंग्या खोडावरून वर-खाली करताना दिसल्या की पानाखाली बघा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, संध्याकाळी ऊन गेल्यावर फवारायचं, आठवड्याने परत. एवढी तयारी असेल तर घ्या, नाहीतर तगर घ्या, पांढरी फुलं वर्षातले बरेच महिने आणि कापसाचा त्रास कमी.

नर्सरीत नावांचा घोळ होतो तो पण सांगून ठेवते, आपल्या इंदुरात मराठी नाव सांगितलं तर माळी तोंडाकडे बघतो. सदाफुली म्हणजे सदाबहार, जास्वंद म्हणजे गुडहल, कढीपत्ता म्हणजे मीठा नीम, तगर म्हणजे चांदनी, पारिजातक म्हणजे हरसिंगार, कोरफड म्हणजे ग्वारपाठा. एका ताईंनी कढीपत्ता हवा म्हणून नुसतं नीम सांगितलं आणि कडुनिंब घेऊन आल्या, फ्लॅटच्या गॅलरीत. रोप घेताना सगळ्यात जास्त फुललेलं उचलू नका, बुटकं, खालून फुटलेलं आणि कळ्या असलेलं घ्या, पिशवीच्या तळातून मुळांचं जाळं बाहेर आलं असेल तर दुसरं बघा.

आता पंधरा दिवसांची सुट्टी. शेजारी पाणी घालतील हा सगळ्यात धोक्याचा उपाय. माझ्या शेजारच्यांनी एकदा मी नसताना इतक्या मायेने रोज घातलं की आले तेव्हा मोगरा उत्तम आणि तीन झेडझेड सडलेले. त्यामुळे सांगायचंच असेल तर ज्यांना पाणी हवं त्या कुंड्या वेगळ्या काढून ठेवा आणि बाकीच्या त्यांच्या नजरेआड, बेडरूममध्ये. कुणी नसेल तर सगळ्या कुंड्या गॅलरीच्या सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटवून ठेवा, वर वाळलेल्या पानांचा चार बोटं थर, आणि मोगऱ्यासारख्यांसाठी झाकलेली भरलेली बादली स्टुलावर ठेवून जुन्या सुती साडीची वळलेली चिंधी, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत वीतभर खोल. चिंधी आधी भिजवायची, नाहीतर पाणी चढत नाही. आणि हा प्रयोग जायच्या दिवशी करू नका, चार दिवस आधी लावून बघा बादली किती उतरते. एप्रिल ते जून गॅलरीला ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी जाळी बांधलीत तर निम्मी चिंता तिथेच मिटते, पाऊस आला की सोडून ठेवा.

सुरुवात पाचच कुंड्यांनी करा. बोगनवेल, सदाफुली, गवती चहा बाहेर, झेडझेड आणि मनी प्लांट आत. मोगरा फेब्रुवारीत, बाकीचं पुढच्या पावसाळ्यात. आता पाऊस लागलाच आहे, लावायला याहून चांगले दिवस नाहीत.

राहिली तुळस. खरं सांगायचं तर तुळस सोपी नाही, फक्त घरोघरी असते म्हणून सोपी वाटते. मंजिऱ्या पिकू दिल्या की झाड म्हातारं होतं, आपल्या डिसेंबरच्या थंडीने पानं गळतात, आणि रोज सकाळी आंघोळ करून तांब्याभर पाणी घातलं की मुळं कुजतात, भक्तीने मारलेलं झाड म्हणते मी त्याला. नर्सरीचं रोप तिसऱ्यांदा आणू नका. शेजारी कुणाकडे तुळस असेल तर वाळलेल्या तपकिरी मंजिऱ्या मागून आणा, तळहातावर चोळा, मोहरीहून बारीक काळं बी निघेल, ते १० इंची कुंडीत वर सांगितलेल्या मातीवर नुसतं भुरभुरा, पुरायचं नाही, वरून हाताने पाणी शिंपडा. आठ-पंधरा दिवसांत उगवेल, त्यातली तीन धट्टीकट्टी ठेवून बाकीची काढा, चार-सहा पानं झाली की शेंडा खुडा. जी तुमच्याच गॅलरीच्या उन्हात जन्मली तिला तिथलं ऊन नवीन नसतं. सासूबाईंना म्हणावं पाणी घाला पण पळीने, तांब्याने नको, आणि मंजिरी दिसली की रोज देवाला वाहून टाका. कार्तिकात लग्न लावायचं असेल तोवर हातभर होते.